गुरुवारचे आजोबा

टपालपेटीत आजोबांच्या नावाचं पत्र दिसलं तशी ती जिन्यातच थबकली. आजोबांना पत्र येणं शक्यच नव्हतं, कारण हे आजोबा कधी जन्मालाच आले नव्हते. त्यांना तिनेच घडवलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी, सकाळी पावणेआठला, प्रयोगशाळेत दुसरं कोणी यायच्या आत.

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं काम करत होती. यंत्रं आणि माणसं नीट मोजतात की नाही हे बघायला दर गुरुवारी ती एक खोटा रुग्ण आत सोडायची. फ्रीजरमध्ये छोट्या कुप्यांत रक्तद्रव गोठवून ठेवलेला असे. त्यातली साखर किती, चरबी किती, हे तिला आधीच ठाऊक असायचं. एक कुपी वितळवायची, तिला एखाद्या माणसाचं नाव आणि वय द्यायचं आणि बाकीच्या नळ्यांत मिसळून टाकायची. परीक्षेचा नमुना आहे असं कळलं की हाताखालची मंडळी एरवीपेक्षा चारपट काळजी घेतात; माणूस म्हणून आला की रोजच्यासारखंच चालतं, आणि तिला रोजचंच बघायचं असे. ही गोष्ट तिच्याखेरीज फक्त प्रयोगशाळेच्या मालकीण असलेल्या डॉक्टरांना माहीत होती. संगणक पत्त्याशिवाय नोंद घ्यायचा नाही. दुसऱ्या कुणाचा पत्ता घालायला मन धजेना, म्हणून ती आपल्या घराचाच घालायची. कधी बाळंतीण, कधी वकील, कधी परीक्षेला बसलेली मुलगी. त्या गुरुवारी सदुसष्ट वर्षांचे आजोबा निघाले.

तिने तिथेच, चपला न काढता, पाकीट फोडलं.

वर प्रयोगशाळेचं नाव, कोपऱ्यात थेंबाचं चिन्ह, खाली डॉक्टरांची सही. 'आपल्या तपासणीत साखरेचे प्रमाण २०३ आढळले असून ते चिंताजनक आहे. आठ दिवसांच्या आत खालील केंद्रात विशेष तपासणी करून घ्यावी. विलंब झाल्यास डोळे व मूत्रपिंड यांस कायमची इजा संभवते.' त्याखाली कुठल्याशा केंद्राचा फोन नंबर.

असली पत्रं तिने शुक्रवारी पाहिली होती. दोघं जण ती घेऊन प्रयोगशाळेत आले होते. त्यातले एक, निवृत्त शिक्षक, भीतीने तीन दिवस धड जेवले नव्हते आणि त्या केंद्रात जाऊन कसल्या कसल्या तपासण्यांचे पैसे भरून आले होते. डॉक्टरांनी पत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सही त्यांची नव्हती. पण नाव, वय, पत्ता, सगळं खरं होतं, म्हणजे ते इथूनच कुणीतरी दिलं होतं.

कुणी, हे ठरवायला डॉक्टरांना पाच मिनिटंही लागली नाहीत. काउंटरवर बसणाऱ्या मुलीला सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी दार उघडलं की सुरू व्हायची ती कुलूप लागेपर्यंत. मागे एकदा तिने एका बाईला सहज सांगितलं होतं, "तुमच्या शेजारच्या काकूंचा रिपोर्टपण तयार आहे, नेता का?" तेव्हा बरंच महाभारत झालं होतं. आता नावं, पत्ते, फोन सगळं तिच्या हाताखालून जातं म्हटल्यावर बोट आपोआप तिच्याकडे वळलं. डॉक्टरांनी तिला शनिवारपासून घरी बसवलं होतं. "बुधवारपर्यंत तिने स्वतःहून सांगितलं तर ठीक," त्या म्हणाल्या होत्या, "नाहीतर मी तिच्या नावासकट पोलिसांकडे जाणार."

त्यामुळे जिन्यात उभी असताना तिला पहिल्यांदा जे वाटलं त्याची नंतर तिला लाज वाटली. तिला बरं वाटलं होतं. चोराने यादी जशीच्या तशी उचलली होती आणि त्यात एक माणूस बनावट होता. आता हे आजोबा कुठल्या वाटेने बाहेर पडले एवढंच शोधायचं.

मग तिने आकडा पुन्हा वाचला. २०३.

आजोबांची साखर १८६ होती. तीच असणार होती. ती तिने स्वतः मोजून ठेवली होती.

त्या संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवरा एक घास खाऊन म्हणाला, "आज समुद्रावर गेली होतीस का?" ती हसली नाही. गॅस बंद आहे की नाही हे बघायला तीनदा उठली. तिसऱ्या वेळी गॅस बंदच होता आणि ती तिथेच शेगडीकडे बघत उभी राहिली.

मंगळवारी ती साडेसातलाच प्रयोगशाळेत पोचली. यंत्राच्या पोटात जुने आकडे जपलेले असतात. त्या गुरुवारी दहा वाजून पन्नास मिनिटांनी यंत्राने आजोबांची साखर २०३ दाखवली होती. तिला आठवलं. यंत्र चढं मोजत होतं, आणि ते आजोबांमुळेच लक्षात आलं होतं. तिने यंत्र जुळवून घेतलं, सगळे नमुने पुन्हा लावले, आणि दुपारी साडेबाराला बरोबर आकडे नोंदवले. काउंटरवरच्या संगणकावर फक्त बरोबर आकडे जातात. २०३ हा आकडा रेडिओने कधी पाहिलाच नव्हता. तिला तो बघताच आला नसता.

म्हणजे रेडिओ सुटली. पण मग २०३ कुणी पाहिला? पहिल्या आकड्यांची यादी ती स्वतः छापून घ्यायची. कागदावर पेन्सिल फिरवल्याशिवाय तिला कुठलाच आकडा खरा वाटत नसे. त्यावरून हाताखालची पोरं तिची टिंगलही करत. काम झालं की तो कागद ती स्वतःच्या हाताने बारीक फाडायची. त्या यादीत नावंही नसायची, नुसते नळ्यांचे क्रमांक आणि आकडे.

ती हात धुवायला गेली. साबण लावला, धुतला, परत लावला. आणि तिसऱ्यांदा साबण लावताना तिला आठवलं की त्या गुरुवारी प्रिंटर बंद होता.

प्रिंटर बंद होता, तिला घाई होती, आणि तिने यादी पेनड्राइव्हवर घेऊन रस्त्यापलीकडे दिराच्या दुकानात जाऊन छापून आणली होती. दोन मिनिटांचं काम. दीर म्हणाला होता, "वहिनी, हे पानात मावत नाही, केवढे रकाने आहेत. नकोत ते उडवतो." त्याने उडवले, छापून दिलं, आणि ती पळतच परत आली होती. केवढे रकाने आहेत, हे शब्द तिच्या कानावरून तेव्हा नुसते गेले होते. छापताना संगणक फक्त क्रमांक देतो. पेनड्राइव्हवर मात्र तो सगळं ओततो. नाव, वय, पत्ता, फोन.

नळ तसाच वाहत होता. हाताखालच्या पोराने येऊन तो बंद केला.

जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात गेली. दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद खोली, दोन छपाईयंत्रं, एक झेरॉक्स, दोन संगणक आणि कागद कापायचं एक मोठं पातं. भाडेकरार, बायोडेटा, परीक्षेचे अर्ज, दुकानांची बिलबुकं असलं सगळं तिथे छापलं जाई. प्रयोगशाळेचे कोरे कागद आणि पाकिटंही तिथेच छापली जात. तिनेच डॉक्टरांकडे दिरासाठी शब्द टाकला होता.

"या मोजपट्टी वहिनी," दीर म्हणाला. हे नाव त्यानेच तिला लग्नानंतर महिन्याभरात ठेवलं होतं, तिला वाटीने तांदूळ मोजताना बघून. "आज सूर्य कुठून उगवला?"

"मी तीन आठवड्यांपूर्वी एक यादी छापली होती. ती कुठे आहे?"

"तू घेऊन गेलीस की."

"कागद नेला. फाइल?"

"असेल इथेच." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. फाइलींवर फाइली, कुणाच्या कुणाच्या नावाने. "गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावला की मी आधी फाइल उतरवून घेतो. म्हणजे छपाई फसली तर परत मागायला नको. महिन्या-दोन महिन्यांनी साफ करतो."

"या महिन्यात केलंस?"

"वेळ कुठे मिळाला." मग तिचा चेहरा बघून, "काय झालं गं?"

तिने सांगितलं. तो ऐकताना एका कोऱ्या कागदाची घडी घालत होता. घडीवर घडी घालत त्याने त्याचा एवढासा चौकोन करून टाकला.

"तो दुसरा संगणक कुणी वापरतं?" तिने विचारलं.

"गिऱ्हाइकं. ज्यांना स्वतः टाइप करायचं असतं ती बसतात." त्याने ओठ चाटले. "दोन्ही संगणक जोडलेले आहेत. इकडचं तिकडे दिसतं."

"आमच्या कोऱ्या कागदाची फाइलपण?"

"सगळंच दिसतं गं." तो हळू बोलत होता. "एक जण यायचा. अत्तर मारलेला. कसल्या तरी तपासणी केंद्राची पत्रकं करायला. तासन् तास बसायचा, मला चहा पाजायचा. गेले पंधरा दिवस फिरकला नाही. मला वाटलं, बाहेरगावी गेला असेल."

तिने पिशवीतून आजोबांचं पत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने कागद उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं. "कागद आपला नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जरा जीव आला. मग पत्र परत ठेवत म्हणाला, "पण चिन्ह आपल्याच फाइलीतलं आहे. थेंबाची ही बाजू मीच जरा फुगवली होती."

तो उठला, माउस धरला, आणि तिची यादी शोधून पुसून टाकली. "हे बघ. गेली. आता कुणाला काही दिसायचं नाही."

"परत काढ."

"वहिनी."

"कचऱ्याच्या डब्यातून परत काढ ती. तारखेसकट हवी आहे."

"अगं, उद्या इथे पोलीस बसले तर कोण येईल दुकानात? लोक बायोडेटा छापायला येतात माझ्याकडे, भाडेकरार आणतात. दोन पोरं आहेत मला." तो खुर्चीत बसला. "त्या काउंटरवरच्या पोरीने मागे केला होता ना असला घोळ? तूच सांगत होतीस हसून हसून."

सांगत होती, हे खरं होतं. जेवणाच्या टेबलावर, रेडिओची नक्कल करून. त्या वेळी सगळे हसले होते.

"परत काढ," ती म्हणाली.

त्याने काढली. मग तिच्याकडे न बघता पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं, पण धाकट्या भावाचा फोन त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता. तो बाल्कनीत कपड्यांचे चिमटे एका रांगेत लावत होता. हे काम त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

"भाऊ आहे माझा तो," तो म्हणाला.

"मी त्याचं नावही घेतलं नाही अजून. माझं घेणार आहे."

"तुझं घेतलं की दुसरं त्याचंच येणार. तू यादी छापलीस कुठे, आकाशात?"

तिने दोरीवरचा टॉवेल काढला.

"आणि त्या मुलीवर अजून काही सिद्धही झालेलं नाही," तो म्हणाला. "पोलीस बघतील, चौकशी होईल, काही सापडणार नाही, सोडून देतील तिला."

"आणि तोवर?"

"तोवर म्हणजे काय?"

"तोवर ती चोर. नंतर ती सुटलेली चोर. कोण ठेवणार तिला काउंटरवर?"

नवऱ्याने एक चिमटा दोन बोटांत उघडला आणि मिटला. "सोळा वर्षं झाली तुला तिथे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता वाद नव्हता, नुसती काळजी होती, आणि तेच तिला जड गेलं. वाद घालता आला असता तर बरं झालं असतं. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. इस्त्री केलेली साडी तिने उलगडली आणि परत घडी घातली.

बुधवारी डॉक्टर पावणेनऊला आल्या. त्या पर्स ठेवतात न ठेवतात तोच तिने सगळं टेबलावर मांडलं: आजोबांचं पत्र, यंत्रातल्या आकड्यांचा कागद, पेनड्राइव्ह. मग क्रमाने सांगितलं, वेळेसकट. नमुन्याचा अहवाल वाचावा तसं. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरुवात जमली नसती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"एवढ्या सगळ्या रकान्यांची फाइल. तू. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

"मी उघडून बघितली नव्हती, मॅडम."

"पडद्यावर वाचता येत नव्हते आकडे?"

वाचता येत होते.

"हे सगळं लिहून दे. सही कर. दुकानाचं नावही घाल," डॉक्टर म्हणाल्या. "मी आज जाणारच आहे पोलिसांकडे. त्यांना तो अत्तरवाला हवा असेल, पण तुला आणि तुझ्या दिराला प्रश्न विचारतीलच. तुझ्या नोकरीचं मी आत्ता काही बोलत नाही. मला विचार करावा लागेल."

"हो."

"आणि तिला फोन कर. तू कर. मला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही."

रेडिओ अकरा वाजता आली. केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. प्रयोगशाळेत इतकी शांतता कधी नसे. नमुने फिरवणाऱ्या यंत्राची घरघर पहिल्यांदाच बाहेरपर्यंत ऐकू येत होती. तिने रेडिओला काउंटरमागच्या स्टुलावर बसवून पुन्हा सगळं सांगितलं. रेडिओने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

"ताई, तुम्हाला कधी कळलं?" शेवटी तिने विचारलं.

"पत्र सोमवारी संध्याकाळी आलं. तू नाहीस हे काल सकाळी कळलं. मी आहे हे काल दुपारी."

"आणि आज बुधवार."

"हो."

"काल माझ्या बाबांनी मला विचारलं, खरं सांग, तू दिलंस का कुणाला काही? काल रात्री जेवताना विचारलं." रेडिओने समोरची पेनं एका डब्यात गोळा केली. "तुम्ही काल दुपारी फोन केला असता तर नसतं विचारलं त्यांनी."

हे खरं होतं. हिशोब बरोबर होता आणि त्यात दुरुस्तीला जागा नव्हती. ती "चुकलं माझं" म्हणाली. रेडिओने मान हलवली, पण ती होकाराची की नुसतीच, हे कळलं नाही.

यादीत त्रेचाळीस नावं होती. आजोबा वजा केले की बेचाळीस. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तरी तिने काउंटरवरचा फोन पुढ्यात ओढला आणि वरून सुरुवात केली. तुम्हाला असं असं पत्र आलं असेल, ते आमचं नाही, त्या केंद्रात जाऊ नका, पैसे भरू नका. तुमची माहिती आमच्याकडून बाहेर गेली. काहींना पत्रच आलं नव्हतं. एक बाई म्हणाली, "अगं बाई, मी तर कालच जाऊन आले," आणि रडायला लागली. एकाने शिव्या दिल्या आणि त्या तिने पूर्ण ऐकून घेतल्या. प्रत्येक फोननंतर ती नावापुढे पेन्सिलीने खूण करत होती. मग कागद उचलून मेजाच्या खणात टाकत होती, आणि पुढच्या फोनला परत काढत होती. एवढा वेळही तो उघडा राहू नये असं तिला वाटत होतं.

एकोणिसाव्या नंबरवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं.

"पत्रात माझं नाव बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"पत्ता, वय बरोबर होतं."

"हो."

"तुम्हीपण माझं नाव बरोबर घेतलंत, वयपण बरोबर सांगितलंत. मग ते लबाड आणि तुम्ही खऱ्या, हे मी कशावरून समजायचं?"

तिने आत्तापर्यंत अठरा जणांना आपण कोण हे सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं, नेमकं त्या पत्रावर मानलं होतं तसंच.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "फोन ठेवा. तुमच्याकडे आमची जुनी पावती असेल. तिच्यावरच्या नंबरवर तुम्ही फोन करा."

त्यांनी ठेवला. ती फोनकडे बघत राहिली. विसावा नंबर लावला तर लाइन अडकेल, म्हणून तोही लावता येईना. एक मिनिट गेलं, चार गेली. तिने पेन्सिलीला टोक केलं. टोक तुटलं, पुन्हा केलं. पावती सापडत नसेल. सापडली तरी चष्मा सापडत नसेल. किंवा ते आत्ता चपला घालून त्या केंद्रात निघाले असतील.

फोन वाजला. तिचा हात पुढे गेला, पण काउंटरवरचा फोन घेणं रेडिओचं काम होतं, आणि रेडिओने तो उचलला. नेहमीच्या आवाजात प्रयोगशाळेचं नाव सांगितलं, ऐकलं, हो म्हणाली, परत ऐकलं.

"कुणी नेली यादी बाहेर? थांबा, त्यांनाच विचारा." तिने रिसीव्हर ताईंपुढे धरला.

"मी नेली," ती म्हणाली. "चुकून. पण मीच."

"बरं," गृहस्थ म्हणाले. "मग आता एवढं सांगा. पत्रात लिहिलंय, माझी साखर दोनशे एकोणचाळीस. खरी किती आहे?"

खरा आकडा तिच्यापुढे पडद्यावर होता. तिने तो पाहिला, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"फोनवर नाही सांगता येणार, काका. तुम्ही पावती घेऊन या, किंवा घरच्या कुणाला चिठ्ठी देऊन पाठवा."

"आत्ता आठवलं होय?" ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. मग ते येतो म्हणाले की नाही हे कळायच्या आत लाइन तुटली, आणि तिने खणातून यादी काढून विसावा नंबर लावला.